जुनी सायकल घरच्या घरी पुन्हा चालती कशी करायची

ठाण्याच्या नौपाडा, चरई, उथळसर भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळे आणि जिन्याखालच्या जागा रिकाम्या होतात. पितळेची भांडी निघतात, पाटे-वरवंटे निघतात आणि बऱ्याचदा एखादी काळी, दांडीची, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेमची सायकल निघते. पुढे बहुतेक दोनपैकी एक गोष्ट होते. भंगारवाला ती वजनावर उचलून नेतो, नाहीतर घरातलं कुणीतरी उत्साहाने काळ्या स्प्रेचे दोन डबे आणून सुट्टीच्या दिवशी तिला चकचकीत करून टाकतं. दुसरा प्रकार पाहून मला पहिल्याइतकंच वाईट वाटतं. वरून नवी दिसणारी ती सायकल आतून तशीच सुकलेली राहते, चार दिवसांत कुरकुरायला लागते आणि परत जिन्याखाली जाते. शिवाय स्प्रेखाली गेलेल्या सोनेरी रेघा पुन्हा कधी मिळत नाहीत.

जुन्या सायकलीत खरं काम असतं ते छर्रे (बेअरिंगच्या पोलादी गोळ्या), ग्रीस, चाकांच्या तारा आणि ब्रेकचं. रंगाचा नंबर शेवटी लागतो, आणि बऱ्याच सायकलींना तो लागतही नाही. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. हातात पहिल्यांदाच पाना धरणाऱ्यालाही जमेल असं हे काम आहे. घाई मात्र करायची नाही.

आधी सायकल कोणाची आणि कोणती

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली सायकल दिसली तर थेट हात लावू नका. सेक्रेटरींना विचारा, नोटीस बोर्डावर लिहा, मालक सापडला तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. सायकल म्हाताऱ्या आजोबांची असेल आणि आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसून कधी घेतली, कुठे घेतली, काय बदललं हे विचारून घ्या. ही माहिती पुढे सुटे भाग शोधताना फार उपयोगी पडते.

नंतर हँडलखालचा बिल्ला बघा. आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या सायकली ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे इंग्लंडहून आलेल्या रॅले, हंबर, बी.एस.ए., फिलिप्स, हर्क्युलिस. दुसऱ्या इथे बनलेल्या. मद्रासला १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स सुरू झाली आणि हर्क्युलिस इथेच बनू लागली. सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस आली, लुधियानाला १९५६ मध्ये हीरो. आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना होता आणि आपल्या वरळीत हिंद सायकल्सचा. बिल्ला पडला असेल तर पुढचं दातेरी चाक बघा. बी.एस.ए.च्या चाकात तीच अक्षरं कापलेली असतात, रॅलेच्या चाकात बगळ्याची डोकी असतात. हंबरचा पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) दुहेरी नळ्यांचा असतो, तो लांबूनच ओळखू येतो. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ‘स्टर्मी-आर्चर’ असं कोरलेलं असेल तर जवळ जाऊन नीट पुसून बघा, त्यावर बहुतेक वेळा वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. तीन गिअरचा त्यांचा ए.डब्ल्यू. हब १९३६ पासूनचा आहे आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही तो नुसत्या तेलावर पुन्हा चालू झालेला मी पाहिला आहे.

हे सगळं कशासाठी? सुट्या भागांसाठी. भारतीय काळ्या सायकली ब्रिटिश मापांवरच बेतल्या गेल्या, आणि तशा सायकली लुधियानात आजही बनतात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला, तरी ॲटलसला बसणारे कोन आणि वाट्या (ज्यांच्यामध्ये छर्रे फिरतात), कॉटर (क्रँक म्हणजे पायडलचा दांडा धरून ठेवणारी पिन), ब्रेकचे रबरी गुटके अजून कुठल्याही जुन्या सायकलवाल्याकडे मिळतात. अडचण येते ती अस्सल रॅलेला. इतरांचे आटे इंचाला २४, तर रॅलेने स्वतःच्या बॉटम ब्रॅकेटला (क्रँकचा ॲक्सल जिथे फिरतो त्या पेटीला) २६ ठेवले. त्यामुळे रॅलेच्या जुन्या वाट्या जपून काढा, साफ करा आणि त्याच परत बसवा. बाजारातली नवी वाटी जबरदस्तीने फिरवलीत तर फ्रेमचे आटे जातात, आणि मग त्या फ्रेमला फारसा इलाज राहत नाही.

फ्रेम तपासा, मगच कामाला लागा

सगळं बदलता येतं, फ्रेम नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि उजेडात या तीन जागा बघा. हँडलच्या नळीला दांडी आणि खालची नळी जिथे जोडली आहे त्या जोडाखाली रंगाला सुरकुती पडलेली असेल, तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे. जोडाच्या कडेने केसासारखी बारीक भेग दिसली तर ती सायकल शोभेलाच ठेवा. आणि पायडलच्या खालची पेटी, जिथे पाणी साठतं, तिथे पेचकसाच्या मुठीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला, तर आतून गंजाने खाल्लं आहे.

फ्रेम सरळ आहे का हे बघायला एक सुतळी पुरते. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून सुतळी नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला बांधा, दोन्ही बाजूंना ताठ. आता सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही सुतळ्यांचं अंतर पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं आलं की फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

गॅलरीत बसायची तयारी

फ्लॅटमध्ये काम करायचं तर गॅलरी हीच कार्यशाळा. खाली जाड पुठ्ठा, त्यावर जुनी चादर. चादर यासाठी की छर्रा पडला तर घरंगळत नाही. श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे रिकामे डबे जमवा आणि प्रत्येकावर पट्टी चिकटवून लिहा: पुढचा हब, मागचा हब, चिमटा वर, चिमटा खाली, पायडल. प्रत्येक नट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, दोन बाजूंनी. वायसर कुठला आत होता आणि कुठला बाहेर हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: रॉड ब्रेकची (केबलऐवजी सळयांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची) सायकल उलटी करून हँडलवर उभी करायची नाही. सगळं वजन ब्रेकच्या मुठींवर आणि सळयांवर येतं, त्या वाकतात, आणि मग ब्रेक सरळ कधी लागत नाही. मागचा स्टँड लावा. पुढचं चाक उचलायचं असेल तेव्हा ग्रिलला दोरी बांधून हँडल टांगा.

हत्यारं फार लागत नाहीत. रिंग पान्यांचा संच, सायकलच्या दुकानात मिळणारा अनेक खाचांचा चपटा सायकल-पाना, कोनसाठी पातळ पाना, पक्कड, मोठा पेचकस, अर्ध्या किलोची हातोडी, तारांची निपल (रिमजवळचे छोटे नट) फिरवायची किल्ली, कानस, पितळेच्या तारांचा ब्रश. इंग्लिश सायकलींचे नट इंची मापाचे असतात. त्यांना मिलिमीटरचा पाना ‘जवळजवळ’ बसतो आणि नटाची डोकी गोल करून टाकतो, तेव्हा ढिला बसणारा पाना वापरूच नका. ठाणे स्टेशनच्या बाजारात बरंचसं मिळतं. इंची पाने आणि मोजून घ्यायचे छर्रे हवे असतील तर मुंबईत मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा, तिथे हत्यारांची आणि बेअरिंगची दुकानं ओळीने आहेत.

धुण्यासाठी पूर्वी रॉकेल वापरत. आता ते सहज मिळत नाही, डिझेल किंवा मिनरल टर्पेंटाइन चालतं. पेट्रोल घरात आणू नका, स्वयंपाकघराशेजारच्या गॅलरीत तर मुळीच नाही. वापरलेलं काळं डिझेल गॅलरीच्या मोरीतही ओतू नका. बाटलीत भरा, जवळच्या गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात जाऊ द्या.

खोलताना

पहिल्या संध्याकाळी फक्त तेल सोडा. कॉटर, पायडल, सीटचा नट, हँडलचा मधला बोल्ट, दोन्ही ॲक्सलचे नट, प्रत्येक तारेचं निपल. गंज सोडवणारं स्प्रे तेल असेल तर उत्तम. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पुन्हा एकदा सोडा. जे नट आज हलत नाहीत ते दोन दिवसांनी हलतात.

हँडल निघत नसेल तर ओढाताण करू नका. मधला बोल्ट तीन-चार फेरे ढिला करा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. आतली पाचर खाली सुटते आणि हँडल हाताने निघतं. पायडलचं गणित उलटसुलट आहे: उजवं नेहमीसारखं, डावं उलट्या आट्यांचं. डाव्या पायडलवर जोर लावून ते अजून घट्ट करून ठेवणारे पुष्कळ भेटतात.

आता कॉटर. नवख्या माणसाची खरी परीक्षा इथे असते. क्रँक ॲक्सलवर धरून ठेवणारी ही पाचरीच्या आकाराची पिन कित्येक वर्षं हललेली नसते. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल एवढाच मागे घ्या, म्हणजे ठोका बसला तरी आटे फुटत नाहीत. क्रँकच्या खाली, कॉटरच्या जाड डोक्याच्या बाजूला, जाड लोखंडी पाइपचा तुकडा असा उभा टेकवा की डोकं पाइपच्या पोकळीत येईल आणि पाइपचं दुसरं टोक जमिनीवर घट्ट बसेल. आता हातोडीचा एकच नेमका, जोराचा ठोका. टुकटुक पन्नास ठोके मारलेत तर पिनेचं टोक पसरतं आणि ती कायमची अडकते. पाइपचा आधार नसेल तर तोच ठोका आतल्या छर्‍यांवर आणि वाट्यांवर बसतो, त्यात खड्डे पडतात. दोन-तीन ठोक्यांत सुटली नाही तर थांबा, पुन्हा तेल सोडा. तरीही हटून बसली तर सायकलवाल्या काकांकडे घेऊन जा. यात कमीपणा काही नाही. जुन्या कॉटरवर अवलंबून राहू नका, नवी जोडी स्वस्त असते. मात्र घेताना जुनी दाखवून घ्या. इंग्लिश आणि भारतीय सायकलींची कॉटर साधारण साडेनऊ मिलिमीटरची असते, नऊची घेतलीत तर ती सैल राहील.

बॉटम ब्रॅकेट डाव्या बाजूने खोलायचं. बाहेरची लॉक रिंग सोडवा, मग डावी वाटी. उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, तिच्यात खड्डे नसतील तर तिला हात लावायची गरज नाही. ॲक्सल ओढला की काळं-तपकिरी, मेणासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस दिसेल आणि त्यात रुतलेले छर्रे. काडीने एकेक उकरून काढा आणि मोजा. बहुतेक प्रत्येक बाजूला अकरा निघतात, पाव इंचाचे.

चिमटा काढताना चादर खरोखर उपयोगी पडते. वरची वाटी ढिली झाली की बारीक छर्रे एकदम सुटतात. चिमटा एका हाताने वर दाबून धरा, दुसऱ्या हाताने वाटी उचला, वरचे छर्रे डब्यात घ्या आणि मगच चिमटा सावकाश खाली सोडा.

गंज

आपल्याकडची हवा खाडीची. कळवा, कोपरी, माजिवड्याच्या बाजूला ठेवलेल्या सायकलीला तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत नवी साल धरते. पण वरचा लाल गंज आणि आत खोल गेलेला गंज यात फरक असतो. जुन्या पोलादाचा वरचा गंज बहुतेक वेळा निघतो आणि खाली धड धातू मिळतो.

क्रोमवरच्या गंजाला पॉलिश पेपर लावू नका, ओरखडे कायमचे राहतात. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, चुरगळून बोळा करा, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. क्रोमपेक्षा ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत, आणि गंज करड्या चिखलासारखा सुटून येतो. पुसा, कोरडं करा, मेणाचं पॉलिश लावा. जिथे क्रोम मुळातच उडालं आहे तिथे काळे ठिपके राहतील. राहू द्या.

नट, बोल्ट, ब्रेकच्या सळया, कॅरिअर, स्टँड अशा गंजलेल्या लोखंडी वस्तूंसाठी ऑक्झॅलिक ॲसिड चांगलं. फरशी साफ करायला वापरतात तीच पांढरी पावडर, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. प्लॅस्टिकच्या टबात एक लिटर पाण्याला पंचवीस-तीस ग्रॅम टाका, वस्तू बुडवून रात्रभर ठेवा. ही पावडर विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, पूड नाकात जाऊ देऊ नका, टब मुलांच्या आणि मांजरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि घरातलं कुठलंही भांडं यासाठी वापरू नका. ॲल्युमिनियमचे भाग यात टाकायचे नाहीत. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, स्वच्छ पाण्याने धुवा, लगेच पुसून वाळवा आणि त्याच तासाला तेलाचा हात फिरवा. उघडं पोलाद ठाण्याच्या हवेत एका रात्रीतही तांबूस होतं.

छर्रे आणि ग्रीस

सगळा जीव इथे आहे. या कामाला पूर्ण एक दिवस द्या.

कोन आणि वाट्या डिझेलमध्ये घासून, फडक्याने कोरड्या करून उन्हात धरा आणि तिरप्या नजरेने बघा. छर्रे ज्या पट्ट्यावरून फिरतात तो गुळगुळीत, चकचकीत असेल तर उत्तम. नखाने खरवडून बघा, नख अडकलं की समजा खड्डा पडला. खड्डा पडलेला कोन बदला, तो कितीही ग्रीस भरलं तरी कटकट करतोच. कोन बाजारात मिळतात. हबची वाटी मिळणं कठीण, पण सुदैवाने आधी झिजतो तो कोन.

छर्रे मात्र सगळे नवे घाला. त्यांना पैसे फारसे लागत नाहीत आणि जुने-नवे एकत्र केले तर मापातल्या सूक्ष्म फरकामुळे सगळा भार मोजक्याच छर्‍यांवर येतो. मापं साधारण अशी: मागचा हब पाव इंच, बाजूला नऊ. पुढचा हब तीन-सोळांश इंच, बाजूला दहा. चिमटा आणि पायडल पाच-बत्तीसांश. तरीही जे निघाले ते मोजून, एक नमुना सोबत नेऊन तसेच घ्या.

साधं मल्टिपर्पज लिथियम ग्रीस पुरतं. वाटीत बोटाने भरपूर ग्रीस भरा, त्यात छर्रे एकेक करून बसवा, ते चिकटून राहतात. वाटी भरल्यावर एका छर्‍याएवढी जागा शिल्लक राहिली पाहिजे. दाबून एक जास्तीचा घातलात तर ते फिरण्याऐवजी एकमेकांना घासतात.

मग ॲक्सल घालून कोन हाताने घट्ट करा, किंचित मागे घ्या, लॉकनट आवळा. हे एका फटक्यात जमत नाही, लॉकनट आवळताना कोनही फिरतो. पुन्हा सोडा, पुन्हा लावा. बरोबर झालं की नाही याची खूण सांगतो. चाक फ्रेमला लावा, हाताने हलकेच ढकला आणि सोडून द्या. व्हॉल्व्हचा भाग जड असतो. चाक मंदावत येईल, व्हॉल्व्ह खाली येऊन थोडा पुढे जाईल, परत मागे येईल, डुलत डुलत तळाशी थांबेल. मग रिम धरून आडवं हलवून बघा: अजिबात डगडग नको. चाक कुठेतरी मध्येच अडून थांबलं तर कोन घट्ट आहे, आडवं हललं तर ढिला. चाक असं डुलायला लागलं की पुढची सगळी कामं हलकी वाटतात.

फ्रीव्हील (मागचं दातेरी चाक) खोलू नका. आत बारीक छर्रे आणि केसासारखी स्प्रिंग असते. डिझेलमध्ये बुडवून फिरवत राहा, काळं पाणी येणं थांबेपर्यंत. वाळवा, मग शिलाई मशीनचं तेल सोडा. टिकटिक स्वच्छ ऐकू आली पाहिजे.

चेनचं पट्टीने माप घ्या: चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. बारा इंचांच्या वर एक अष्टमांश गेली की चेन बदला, नाहीतर ती पुढचे-मागचे दाते खाते.

चाकं आणि टायर

या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. तुटलेल्या आधी भरा, मगच आउट (रिमचा वाकडेपणा) काढायला बसा. फ्रेमच्या नळीला पेन्सिल रबरबँडने बांधा, टोक रिमजवळ आणा आणि चाक फिरवा. रिम उजवीकडे येत असेल तर तिथल्या डाव्या तारा पाव फेरा आवळा, उजव्या पाव फेरा सोडा. एकदम अर्धा फेरा नको. आडवा आउट सगळेच काढतात. रॉड ब्रेकला मात्र त्याहून महत्त्वाचा असतो उंच-सखल आउट, कारण या ब्रेकचे गुटके रिमच्या कडेला न लागता आतल्या, हबकडच्या अंगाला खालून वर दाबले जातात. रिम एखाद्या जागी फुगली असेल तर प्रत्येक फेऱ्यात ब्रेक तिथेच पकडतो. पहिल्या वेळी हे जमलं नाही तर चाक मिस्त्रीकडे न्या, पण ‘रॉड ब्रेकची सायकल आहे, उंच-सखलही काढा’ असं स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर शेजारी उभं राहून बघा.

टायर २८ × १½ मापाचे. दुकानात नुसतं ‘अठ्ठावीसचा टायर’ म्हटलंत तर हल्लीच्या हायब्रिड सायकलीचा ७०० मापाचा हातात पडतो, आणि तो या रिमवर चढत नाही. टायरच्या कडेवर ६३५ हा आकडा शोधा, हायब्रिडचा ६२२ असतो. जुना टायर वरून कितीही धड दिसत असला तरी दुमडून बघा, कडेला भेगा पडल्या की तो रस्त्यावर न्यायचा नाही. ट्यूबसोबत रिमटेप नवी घाला आणि व्हॉल्व्हची रबरी नळीही.

ब्रेक

रॉड ब्रेकला केबल नसते. मूठ दाबली की सळया आणि सांधे मिळून चाकाभोवतीची यू आकाराची पट्टी वर ओढतात. प्रत्येक सांध्यात गंज आणि धूळ बसलेली असते, म्हणून मूठ जड लागते. सगळे सांधे खोला, पुसा, पातळ तेल घाला. ग्रीस इथे नको, ते धूळ धरतं. मूठ सोडल्यावर पट्टी स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने खाली आली पाहिजे. येत नसेल तर कुठली तरी सळई वाकलेली आहे. ती काढून सपाट फरशीवर ठेवा आणि लाकडी ठोकळ्याने सरळ करा.

गुटके नवे घ्या. कडक झालेलं जुनं रबर पकडत नाही, नुसतं किंचाळतं. गुटका आणि रिम यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा, दोन्ही गुटके एकाच वेळी टेकले पाहिजेत. रिमच्या आतल्या अंगाला तेलाचा हात लागला असेल तर टर्पेंटाइनने पुसून काढा.

आणि हे मनापासून सांगतो: पोलादी रिम ओली झाली की हा ब्रेक खूप उशिरा लागतो, कितीही छान बसवला तरी. जून ते सप्टेंबर ही सायकल गर्दीच्या रस्त्यावर काढू नका, आणि येऊरच्या उतारावर तर कोरड्यातही नेऊ नका.

रंग, रेघा, सीट

आता रंगाकडे या. साध्या साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुवा. तेलकट थर राहिला तर फडक्याला किंचित टर्पेंटाइन लावा, पण आधी सीटखाली एका कोपऱ्यात वापरून बघा. सोनेरी रेघा आणि चित्रांचे ट्रान्सफर वरच्या वार्निशवर टिकून असतात, ते जोरात घासलं की पुसून जातात. रंग स्वच्छ झाल्यावर गाडीचं साधं मेण लावा. घासणारं, ‘स्क्रॅच रिमूव्हर’ प्रकारचं पॉलिश रेघांवर नको. मेण लागल्यावर आतला काळा रंग असा वर येतो की रंगवायचा विचार बहुतेकांच्या डोक्यातून निघून जातो. जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलंय तिथे गंज काढून तेवढ्याच ठिपक्याला बारीक ब्रशने काळा इनॅमल लावा.

एखाद्या सायकलीवर नगरपालिकेच्या सायकलकराचा पत्र्याचा बिल्ला अजून असतो, किंवा विकणाऱ्या दुकानाचं छोटं ट्रान्सफर. ते काढायचं नाही.

आधीच कुणी हिरवा-निळा ऑइलपेंट फासलेला असेल, किंवा मूळ रंग नावालाही शिल्लक नसेल, तरच पूर्ण रंगाचा विचार करा. वागळे इस्टेटमध्ये पावडर कोटिंग आणि प्लेटिंगची कामं करणारे आहेत. देण्याआधी दोन गोष्टी बोलून घ्या. फ्रेमचा नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे थर पातळ ठेवायचा, आणि आट्यांमध्ये व वाट्यांच्या बैठकीत रंग जाऊ द्यायचा नाही. क्रोम करणारे चकाकीसाठी आधी पृष्ठभाग घासतात, त्यात कोरलेली नावं जातात. नाव असलेले भाग म्हणूनच प्लेटिंगला देऊ नयेत असं माझं मत आहे. घरी ब्रशने किंवा स्प्रेने करायचं असेल तर दिवाळीनंतर करा. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगाला पांढुरकी झाक येते.

सीट चामड्याची असेल तर ती पाण्यात भिजवू नका, तेलातही बुडवू नका. बुरशी कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, चामड्याचं क्रीम वरून अगदी थोडं आणि खालून जरा जास्त लावा. पुढच्या टोकाखालचा ताणाचा नट पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. वाळलेलं चामडं ताणलं की फाटतं.

जोडणी आणि पहिली फेरी

ज्या क्रमाने खोललं त्याच्या उलट जोडा, फोटो समोर ठेवून. प्रत्येक आट्याला ग्रीसचं बोट लावा. सीटच्या दांड्यालाही लावा, नाहीतर पुढच्या वेळी तो निघणार नाही. कॉटर बसवताना दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट येतात: उजवा क्रँक पुढे आडवा असताना त्याचा नट वर असेल, तर डावा क्रँक पुढे आणल्यावर त्याचाही नट वरच आला पाहिजे. चुकलं तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत. नवी कॉटर पुरेशी आत जात नसेल तर तिचा सपाट भाग कानशीने थोडा थोडा उतरवा. हातोडीने ठोकून बसवा आणि मग नट आवळा, नटाने ओढून बसवू नका.

डायनॅमो असेल तर तो सहा व्होल्टचा. दिवे लागत नसले तर बहुतेक वेळा वायर तुटलेली किंवा फ्रेमशी अर्थिंगची जागा गंजलेली असते.

पहिली फेरी सकाळी लवकर, तलावपाळीला मारा. रस्ता सपाट, गाड्या कमी, काही सुटलं तर हातात धरून घरी येता येतं. खिशात दोन पाने ठेवा. आधी चालत ढकलून दोन्ही ब्रेक लागतात का बघा, मगच बसा. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज आला तर कॉटर ढिली आहे. लगेच उतरा, कारण तशीच चालवली की पिन चेपते आणि क्रँकचं भोकही मोठं होतं. हात सैल सोडल्यावर सायकल एकाच बाजूला ओढत असेल तर पुढचं चाक चिमट्यात तिरकं बसलं आहे. हँडल वळवताना मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर चिमट्याची वाटी जास्त आवळली गेली आहे.

घरी आल्यावर कॉटरवर पुन्हा एकेक ठोका आणि नट आवळणं, ॲक्सलचे नट, कोन, सगळ्या तारा बोटाने वाजवून बघणं. नव्या तारा पहिल्या काही फेऱ्यांत बसतात आणि ढिल्या होतात. उपवनपर्यंत दोन-चार वेळा जाऊन आलात की हे सगळं परत एकदा करा. त्यानंतर चेनला महिन्याला तेलाचे थेंब, वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, हब खोलून नवं ग्रीस. पावसाळ्यात सायकल घरात घ्यायला जागा नसेल तर जिन्याखाली ठेवा, पण टायरखाली लाकडाची फळी द्या, क्रोमवर मेणाचा जाड हात मारा आणि प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, त्याच्या आत पाणी धरतं. सुती चादर टाका आणि आठवड्यातून एकदा ती काढून चाकं फिरवा.